टेबलावरचं टेबलावरच

ऑरिन डाइकमनचे कान पहिल्यांदा बघणारा माणूस हातातला घास हातातच ठेवतो. कणकेचा गोळा मुठीत दाबून डोक्याला चिकटवावा तसे ते दोन्ही कान आहेत. वयाच्या सहाव्या वर्षापासून मॅटवर घासून, आपटून, सुजून आणि वाळून ते तसे झाले. आमच्या केल्बर्गमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पुढच्या पुरुषांचे कान बघितले, तर कोण किती वर्षं कुस्ती खेळलाय ते सांगता येतं. ऑरिनचे कान त्या सगळ्यांत वाईट. त्याची बायको जोलीन म्हणते, "लग्नात मी सगळा वेळ त्याच्या बुटांकडे बघत होते. लोकांना वाटलं, काय लाजाळू मुलगी आहे!"

मी व्हर्ना. आयोवातल्या या चार हजार वस्तीच्या गावात, कॉलेजच्या फाटकासमोर माझा कॅफे आहे. एकतीस वर्षं मी ऑरिनच्या कपात रोज सकाळी कॉफी ओतली. कॉलेजने त्याला काढलं तेव्हापासून गावात त्याच्याबद्दल दोन तऱ्हेने बोललं जातं. काही म्हणतात तो संत आहे, काही म्हणतात त्याने नक्कीच काहीतरी केलं असणार. तो संत नाही आणि त्याने काय केलं ते मला माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसले.

ऑरिन इथून बारा मैलांवरच्या शेतावर वाढला, याच कॉलेजात कुस्ती खेळला, इथेच आधी साहाय्यक आणि मग बावीस वर्षं कोच होता. त्याने देशपातळीवरचा विजेता एकही घडवला नाही. आपल्या गटात तीनदा त्याचा संघ पहिला आला, बाकी वर्षी मधेच कुठेतरी. रोज पहाटे साडेपाचला तो कुस्तीच्या खोलीतल्या मॅट स्वतः पुसायचा, कारण कोपरे दुसऱ्या कुणाला नीट जमत नाहीत असं त्याचं ठाम मत होतं. पोरांवर तो ओरडायचा नाही. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. हरून आलेल्या पोराला तो इतकंच विचारायचा, "तुला काय वाटतं, कुठे चुकलं?" आणि उत्तर येईपर्यंत समोर उभा राहायचा. एकदा एक पोरगा चाळीस मिनिटं गप्प होता. बस चालू करून ड्रायव्हर दमला.

हट्टी इतका की विचारू नका. एका वर्षी पंचाने चुकून आमच्या पोराला एक गुण जास्त दिला. हा गडी उठला आणि पंचाकडे जाऊन तो गुण काढायला लावून आला. आम्ही एका गुणाने हरलो. त्या पोराच्या बापाने वर्षभर ऑरिनशी बोलणं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत लायल त्याला म्हणाला, "ऑरिन, तुला स्वर्गात वेगळी खोली मिळणार बघ. आणि तिथेही तू पहाटे उठून फरशी पुसणार."

"पुसणारच," ऑरिन म्हणाला. "देवदूतांचे पाय कुठे कुठे फिरून येतात."

लायल स्टेन्सन हा कॉलेजचा क्रीडा संचालक, म्हणजे ऑरिनचा साहेब. पण साहेबगिरी फाटकाच्या आत. माझ्या कॅफेत खिडकीजवळ एक गोल टेबल आहे, तिथे तो फक्त लायल होता. त्या टेबलावर पाचजण बसायचे. ऑरिन, लायल, धान्याच्या कोठारावरचा ड्वेन, टपाल वाटून निवृत्त झालेला एल्डन, आणि गुरांचा डॉक्टर हार्लन. सकाळी साडेसहा ते सव्वासात. शेवटी चामड्याच्या पेल्यात पाच फासे घालून प्रत्येकाने एकदा टाकायचे. ज्याचे सगळ्यांत कमी पडतील त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे, माझ्यासुद्धा, कारण एव्हाना मीही कप घेऊन तिथेच उभी असायची. हे आमच्या भागातल्या प्रत्येक गावात चालतं. कुणाच्या कॅफेत फासे नसतील तर तो कॅफे टिकत नाही.

आमच्या टेबलाला दोन नियम होते. ते कुणी लिहिले नव्हते. पहिला असा की टेबलावर सांगितलं म्हणजे सांगितलं. ट्रॅक्टरचे व्यवहार त्या टेबलावर झाले, ड्वेनच्या मुलीचं लग्न त्या टेबलावर ठरलं, एल्डनने आपली चाळीस एकर जमीन भावाला कसायला दिली तीही तिथेच. कागद नाही, सही नाही. पाचजणांनी ऐकलं की झालं. दुसरा नियम म्हणजे टेबलावरचं टेबलावरच. तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. हा नियम हार्लनमुळे आला. एका वळूपासून गाई गाभण राहत नाहीत असं तो टेबलावर बोलून गेला आणि दुपारच्या लिलावापर्यंत ते गावभर झालं. वळूची किंमत पडली आणि वळूच्या मालकाने हार्लनच्या गाडीच्या टपावर एक गाडाभर शेण रिकामं केलं. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी कानाला खडा लावला.

दोन्ही नियम चांगले होते. दोन्ही एकदम गळ्यात पडतील असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. बाहेर उणे पंचवीस. ऑरिन त्या दिवशी कॅफेत चालत आला, भुवयांवर बर्फ.

"गाडी कुठाय तुझी?" ड्वेनने विचारलं. "जोलीनने घराबाहेर काढलं की काय?"

"टेटला दिलीय."

टेट रीनर्ट म्हणजे त्याचा एकशे चौऱ्याहत्तर पौंडी गटातला कुस्तीगीर. टेटच्या बापाचा खुबा मोडला होता. घरी साठ दुभत्या गाई, धारा काढायला आई एकटी, घर चाळीस मैलांवर. टेटची स्वतःची गाडी थंडीत बंद पडलेली. ऑरिनने त्याला आपल्या जुन्या पिकअपची किल्ली दिली. पहाटे जा, धारा काढ, आठच्या तासाला परत ये.

आता आमच्याकडे कॉलेजच्या खेळाडूला कोचने गाडी वापरायला द्यायची नाही, हा नियम आहे; ते आमिष धरतात. जेवण किती वेळा द्यायचं, कोट द्यायचा की नाही, सगळ्याचे नियम आहेत आणि नियम मोडला तर कोचने तो लगेच क्रीडा संचालकाला सांगायचा, असं ऑरिनच्या करारात होतं. सांगितलं की संचालक वर कळवतो, चारदोनशे डॉलर दंड होतो, पोरगा एखादी कुस्ती बाहेर बसतो, विषय संपतो. न सांगता लपवलं तर मात्र नोकरी जाते.

ऑरिन बसला, हातमोजे काढले आणि लायलकडे वळून म्हणाला, "लायल, हे नियमात बसत नाही. मला माहीत आहे. तुला सांगून ठेवतोय. काय कळवायचं ते कळव."

लायल फासे खुळखुळवत होता. "गाईंना नियमांचं पुस्तक वाचता येतं का रे?" तो म्हणाला. "बरं, बघतो मी. माझ्यावर सोड."

आणि त्याने फासे टाकले. दोन एक्के, दोन दुर्र्या, एक तिर्री. एकूण नऊ. लायल वर्षात जेमतेम चार-पाचदा हरायचा आणि हरला की पोराटोरांसारखा रुसायचा. त्या दिवशी त्याने वर दालचिनीचा रोल मागवला होता, तो मी त्याच्या हिशेबात धरला म्हणून माझ्याशी वाद घातला. म्हणून मला ती सकाळ इतकी लख्ख आठवते. ऑरिनने सांगितलं, लायलने ऐकलं, लायल हरला. आम्ही सगळे तिथे होतो.

लायलने कुठे काही कळवलं नाही. विसरला असेल, किंवा आज करू उद्या करू. टेटचा बाप तीन आठवड्यांत काठी घेऊन गोठ्यात उभा राहिला, पिकअप परत आली, आणि तिचा पुन्हा कुणी विचार केला नाही.

पुढच्या वर्षी कॉलेजला नवे अध्यक्ष आले. फार उमदा माणूस, हसताना सगळे दात दाखवणारा. त्यांना कुस्तीच्या खोलीच्या जागी खुर्चीत बसून संगणकावर खेळायच्या खेळांसाठी हॉल करायचा होता. त्याने नवीन विद्यार्थी येतात म्हणे. येत असतीलही. सभेत ऑरिन उठून म्हणाला, "हरकत नाही. पण मग त्या पोरांचं वजनही करत जा. खुर्च्या मोडतील." सभा हसली, अध्यक्षही हसले. माझ्या मते ऑरिनची नोकरी त्या दिवशी गेली, बाकीचं नंतर जुळवलं.

अडचण एवढीच होती की जुन्या अध्यक्षांनी जाताजाता ऑरिनला पाच वर्षांचा करार दिला होता आणि त्यातली चार शिल्लक होती. नुसतं काढलं तर उरलेल्या चार वर्षांचे दोन लाख चौऱ्याऐंशी हजार डॉलर त्याच्या हातावर ठेवावे लागणार. 'गैरवर्तनावरून' काढलं तर एक सेंटही नाही. म्हणून मग कागदपत्रांची तपासणी झाली आणि त्यात सापडली एक पार्किंगच्या दंडाची पावती. गाडी ऑरिन डाइकमनची, पावतीवर सही टेट रीनर्टची. कॉलेजच्या आवारात गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून पंधरा डॉलर.

जूनच्या एका सोमवारी त्याला पत्र मिळालं. नियम मोडला आणि लपवला, सबब गैरवर्तनावरून बडतर्फ.

पैशाचं ऑरिनला काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला घर असतं, घरावर छप्पर असतं आणि छप्पर गळत असतं. पण त्याला खरं लागलं ते दुसरंच होतं. बडतर्फीचं पत्र निघाल्याच्या आठवड्यात बत्तीस मैलांवरच्या एका शाळेने त्याला कोच म्हणून घ्यायची तयारी दाखवली होती. पत्रातला शब्द कळल्यावर त्यांनी हात वर केले. "तो शब्द काढून आण, दुसऱ्या दिवशी ये," त्यांच्या मुख्याध्यापकाने सांगितलं. म्हणजे तो शब्द असेतो ऑरिनला कुठलीही शाळा मॅटजवळ उभं करणार नव्हती. आणि मॅटजवळ उभं राहण्यावाचून या माणसाला दुसरं काही येत नाही. त्याने लवादाकडे तक्रार केली.

लायल त्या सोमवारपासून कॅफेत आला नाही. कॉलेजच्या चौकशीत त्याने सांगितलं की असं काही कुणी बोलल्याचं आपल्याला आठवत नाही. लायलची निवृत्ती दोन वर्षांवर होती, त्याची बायको आजारी आहे, आणि नवे अध्यक्ष दात दाखवून हसत होते. मला त्याचं कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं नाही. त्याची खुर्ची आम्ही तशीच ठेवली आणि तिच्यावर एल्डन कोट टाकायला लागला.

ऑरिन मात्र रोज येत राहिला. खटल्याबद्दल चकार शब्द नाही. मक्याचा भाव, हार्लनचा गुडघा, फासे, आणि सव्वासातला घरी.

ऑगस्टमध्ये त्याचा वकील माझ्याकडे आला. वकील म्हणजे जोलीनचा भाचा पीटर. एरवी जमिनींची खरेदीखतं करतो. बिचाऱ्याने नवीन कोट घेतला होता.

"व्हर्नामावशी," तो म्हणाला, "ऑरिनकाका म्हणतात की त्यांनी इथे सांगितलं. कोणकोण होतं तेव्हा?"

"ऑरिनला विचार."

"विचारलं. म्हणतात, टेबलावरचं टेबलावरच. मी म्हटलं, काका, समन्स काढतो, सगळ्यांना आणतो. तर म्हणाले, ओढून आणलेला माणूस साक्षीदार नसतो, आणि समन्स काढलंस तर खटला मागे घेईन. मावशी, हा माणूस असा कसा हो?"

"असाच आहे. पहिल्यापासून."

"मग तुम्हीच सांगा ना. तुम्ही आपणहून आलात तर ते काही बोलणार नाहीत."

मी काउंटर पुसत होते. तो आधीच पुसलेला होता. मी म्हटलं, "विचार करून सांगते." आमच्या भागात याचा अर्थ काय होतो ते पीटरलाही माहीत आहे. त्याने टोपी घेतली आणि गेला.

माझं कारण सांगते. कॉलेजच्या खेळाडूंचा दर शनिवारचा नाश्ता माझ्याकडून जातो, एकशे ऐंशी थाळ्या. माझ्या धंद्याचा तिसरा हिस्सा. ड्वेनची मुलगी कॉलेजच्या कचेरीत. एल्डनचा नातू तिथे फी-माफीवर शिकतो. हार्लनने कॉलेजच्या शेतीशाळेची गुरं बघायचं काम नुकतंच मिळवलं होतं. चौघांनाही कारणं होती आणि एकाचंही खोटं नव्हतं. आम्ही त्यावर आपसात कधी बोललो नाही. ऑरिन उठून गेला की आम्ही मक्याच्या भावावर आणखी पाच मिनिटं बोलायचो. नियमाचा एवढा आधार मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी झाली. त्या सकाळी आम्ही चौघं ड्वेनच्या गाडीतून गेलो. ऑरिनला एकटं वाटू नये म्हणून. तिघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते, हार्लनने टायसुद्धा. मी निळा झगा घातला होता आणि जोलीनसाठी भोपळ्याची गोड पाई भाजून नेली होती. दुकानावर पाटी लावली, 'आज बंद'. तिसऱ्या रांगेत ओळीने बसलो.

लवाद तिघांचा होता. मधे एक निवृत्त न्यायाधीश, सत्तरीचे, कानात यंत्र. कॉलेजचा वकील राजधानीहून आला होता, सडपातळ, सभ्य, आवाज न चढवणारा. आधी लायल बसला. त्याने शपथ घेतली आणि समोरच्या भिंतीकडे बघत तीनदा सांगितलं की आठवत नाही. खोटं बोलताना त्याच्या मानेवर लाल चट्टे येतात. पत्त्यांतही येतात. ते आम्हा चौघांना दिसले.

मग ऑरिन.

"तुम्ही क्रीडा संचालकांना हे कुठे सांगितलंत, मिस्टर डाइकमन?"

"कॅफेत."

"त्यांच्या कचेरीत नाही?"

"कॅफेत ते जास्त असायचे."

कुणीतरी हसलं. वकीलही थोडा हसला. "आणि त्या वेळी मिस्टर स्टेन्सन काय करत होते?"

"फासे टाकत होते."

"फासे." वकिलाने तो शब्द जरा वेळ हवेत ठेवला. "म्हणजे तुमच्या नोकरीतली सर्वांत गंभीर गोष्ट तुम्ही एका जुगाराच्या टेबलावर सांगितलीत."

"कॉफीच्या टेबलावर."

"हे आणखी कुणी ऐकलं?"

"ऐकलं."

"कुणी?"

 ऑरिनचे दोन्ही पंजे गुडघ्यांवर होते, मॅटच्या कडेला बसायचा तसे. "नावं मी सांगणार नाही," तो म्हणाला.

"आठवत नाहीत?"

"आठवतात. सांगणार नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील."

पीटरने कपाळावर हात मारला. वकील मागे सरकला, त्याचं काम झालं होतं. पण मधल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि वर बघितलं. ऑरिनकडे नाही. आमच्याकडे. म्हाताऱ्याने आयुष्यभर आमच्याच असल्या गावांतून न्याय केला होता, तिसऱ्या रांगेत कामाच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून कोण बसतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. त्याने एकेकाकडे बघितलं. ड्वेनकडे, एल्डनकडे, हार्लनकडे, माझ्याकडे. खोलीतलं घड्याळ भिंतीवर होतं आणि त्याचा काटा सरकताना आवाज होत होता. मला वाटतं एक मिनिट गेलं असेल. माझ्या मांडीवर पाईचं भांडं होतं. उठायचं तर ते आधी कुठेतरी ठेवावं लागलं असतं.

हार्लनने टाय सैल केला. त्यापुढे काही झालं नाही.

ऑरिनने मागे वळून बघितलं नाही. म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाला, "पुढे चला."

आम्ही घरी निघालो. कापणी चालू होती, रस्त्यावर मक्याचा भुसा उडत होता. गावाच्या वेशीवर एल्डन म्हणाला, "नाव घेतलं असतं तर मी उठलो असतो." ड्वेन म्हणाला, "मीही." मीही तेच म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. शंभर वेळा तरी ते मी स्वतःला सांगितलं असेल, आणि मला ऑरिनचा भयंकर राग यायचा. एवढा हट्ट कशाला? नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. आपल्याला ओढून न्यावं यासाठी मी आतून तडफडत होते, आणि हा माणूस आम्हाला फक्त आमच्याच पायांनी येऊ देणार होता.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. बडतर्फी कायम, दोन विरुद्ध एक. तो एक म्हणजे म्हातारा न्यायाधीश. गावच्या साप्ताहिकात निकालातला उतारा छापून आला. ऑरिन त्या सकाळी आला नव्हता. एल्डनने चष्मा पुसून मोठ्याने वाचलं. "तक्रारदाराचं म्हणणं आम्हाला अविश्वसनीय वाटत नाही. एका जरी व्यक्तीने त्याला दुजोरा दिला असता तर निकाल वेगळा लागला असता." एल्डनने पेपर घडी करून लायलच्या खुर्चीवर ठेवला. हार्लन म्हणाला, "एका जरी." मग म्हणाला, "गाय बघायला जायचंय मला," आणि फासे न टाकता गेला. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मी त्या दुपारी पीटरला फोन केला. आता सांगते म्हटलं, काय हवं ते शपथेवर सांगते. तो फार नम्रपणे बोलला. म्हणाला, "मावशी, करारातच लिहिलंय, लवादाचा निकाल शेवटचा. आता पोपनेही येऊन सांगितलं तरी उपयोग नाही." मग म्हणाला, "पाई चांगली झाली होती." मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून रडले. शनिवारचा नाश्ता होता, एकशे ऐंशी थाळ्यांचा. तो वेळेवर गेला.

ऑरिन आता दुधाचा टँकर चालवतो. रीनर्टांच्या गोठ्यावरूनही दूध उचलतो. टेट शिकून शेतीत परतला आहे. त्याने एकदा टँकरवर चढून ऑरिनची माफी मागितली, तर ऑरिनने त्याला विचारलं म्हणे, "तुला काय वाटतं, कुठे चुकलं?" आणि तो सांगेपर्यंत उभा राहिला. टेट म्हणाला, "गाडी चुकीच्या जागी लावली." ऑरिन म्हणाला, "मग झालं." कुस्तीच्या खोलीत आता पन्नास पडदे आणि पन्नास खुर्च्या आहेत. मॅट कुणी उचलून नेल्या ते मला माहीत नाही.

निकालानंतर आठ दिवस तो कॅफेत फिरकला नाही. आम्ही धरून चाललो की आता येणारही नाही, आणि खरं सांगायचं तर जरा हायसं वाटलं होतं. नवव्या दिवशी साडेसहाला दार उघडलं. दूध कंपनीची टोपी, खाली तेच कान. त्याने आपली खुर्ची ओढली आणि बसला.

"काय रे," तो ड्वेनला म्हणाला, "मका अजून उभाच आहे म्हणे तुमच्या पलीकडच्या तुकड्यात?"

"ओला आहे," ड्वेन म्हणाला. 

"ओलाच राहणार. तू कापायला घेतलास की पाऊस येतो, हे हवामान खात्यालाही माहीत आहे."

एल्डन हसला, गरजेपेक्षा जास्त. मी कॉफी ओतली आणि थोडी बशीत सांडली. ऑरिनने ती बशीतली कॉफी परत कपात ओतली, नेहमीसारखी. पस्तीस मिनिटं मका, हार्लनचा गुडघा, टँकरचे गिअर. मग पेला फिरला. ड्वेनचे एकोणीस, हार्लनचे बावीस, एल्डनचे चौदा. ऑरिनने पेला उपडा केला. त्याचे अकरा पडले.

एल्डनने फासे गोळा करून पेल्यात टाकले. एरवी हरणाऱ्याची अशी हजेरी घेतात की बाहेरच्याला भांडण वाटावं.

तो उठून काउंटरपाशी आला, पाकीट काढलं आणि दहाची नोट ठेवली.

"राहू दे रे ऑरिन," मी म्हटलं. "आजची माझ्याकडून."

"का?"

मी काउंटर पुसायला घेतला. तो वाट बघत उभा राहिला, चाळीस मिनिटं उभा राहू शकणारा माणूस तो. टेबलावरचे तिघे पाठमोरे बसले होते आणि तिघांचेही कान तांबडे झाले होते.

"त्या दिवशी तुम्ही सगळे आला होतात," शेवटी तोच म्हणाला. "इस्त्री बिस्त्री करून. दुकान बंद ठेवून. मी आत येतानाच बघितलं. बरं वाटलं मला."

त्यात टोमणा असता तर मी तो झेलला असता, आनंदाने झेलला असता. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता.

"घे, व्हर्ना," तो म्हणाला. "हरलोय मी."

मी पाच कॉफींचे पैसे कापून घेतले आणि उरलेले त्याच्या हातावर ठेवले.